गरम पाण्याची बारीक धार

बादली भरायला बावीस मिनिटं लागायची. मी घड्याळ लावून मोजली होती, एकदा नाही, पाच-सहा वेळा. पहाटे पाचला आण्णांना उचलून न्हाणीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडायचा आणि उंबऱ्यावर बसून त्या धारेकडे बघत राहायचं. करंगळीएवढी धार. शेजारचा गार पाण्याचा नळ सोडला की दोन मिनिटांत बादली भरून वाहायची. गरमाचं मात्र असं.

"पयलं इतका येळ लागत न्हवता," आण्णा म्हणायचे.

"नव्हता," मी म्हणायचो.

एवढं बोलणं झालं की पुढची वीस मिनिटं आम्ही दोघंही गप्प. आण्णा उघडे, खांद्यावर टॉवेल घेतलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. तो हात त्यांचा राहिलाच नव्हता. त्याच्या चार वर्षं आधी पक्षाघात झाला तेव्हापासून उजवी बाजू गेली ती गेली. बोलणं परत आलं होतं, पण एकेक शब्द शोधून आणल्यासारखं यायचं.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, जयसिंगपूरची. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. लग्न राहून गेलेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बहीण सुलोचना बेळगावला, तिच्या घरात. त्यामुळे घरात आण्णा आणि मी, एवढेच. मी गावाबाहेरच्या सूतगिरणीत टाइम ऑफिसात होतो. कोण कधी आत आला, कोण उशिरा आला, हे टिपून ठेवायचं माझं काम. पहिली पाळी सातला सुरू व्हायची आणि महिन्यातून आठ-दहा वेळा टाइमकीपरच सव्वासातला धापा टाकत यायचा. गेटवरचे कामगार मला बघून मुद्दाम घड्याळाकडे बघायचे. त्यांचंही बरोबर होतं. त्यांचे पाच मिनिटांचे उशीर मी कधी सोडले नव्हते.

आंघोळ संध्याकाळी घातली असती तर, असं कुणीही विचारेल. आम्ही जैन. आंघोळ करून देवाचं दर्शन घेतल्याशिवाय आण्णांनी आयुष्यात कधी तोंडात काही घातलं नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाणं बंद झालं होतं, पण घरातल्या पार्श्वनाथांच्या तसबिरीपुढं बसल्याशिवाय ते चहा घ्यायचे नाहीत, आणि चहा नाही तर रक्तदाबाची गोळीही नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, सुलोचनाने फोनवर रडून घेतलं. आण्णा ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी आंघोळीची वाट बघत बसायचे. मी काही दिवस गॅसवर पातेलं तापवून नेलं. एकदा पाय घसरला आणि निम्मं पाणी माझ्या पावलावर सांडलं. तेव्हापासून ते बंद. गिझर बसव, असं आण्णा दोनदा म्हणाले होते. न्हाणीतलं वायरिंग जुनं आहे, असं मी दोन्ही वेळा सांगितलं होतं. वायरिंग जुनं होतं हे खरं आहे. ते एका दिवसात बदलता आलं असतं हेही खरं आहे.

मी दमलो होतो. हे सरळ सांगितलेलं बरं. चार वर्षं रात्री तीनदा उठायचं, पहाटे उचलायचं, पुसायचं, भरवायचं, मग गिरणी, मग परत तेच. दुपारचं जेवण तेवढं शेजारच्या पद्मावतीकाकू आणून भरवायच्या. आण्णांवर माझा राग नव्हता. ते त्रास देणारे नव्हतेच. पण सकाळी उठून कुणाचीही हाक न येता तासभर बसून चहा प्यावा, एवढी एकच इच्छा माझ्या डोक्यात घर करून बसली होती. दुसरं काही सुचायचंच नाही.

फेब्रुवारीत सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. मी आधीच्या वर्षी नाव घालून ठेवलं होतं, आण्णांना न सांगता. एक खाट रिकामी झाली होती. पंधरा दिवसांनी, सोमवारी, घेऊन या म्हणाले. त्या शनिवारी संध्याकाळी मी आण्णांच्या खाटेशी जाऊन बसलो आणि सांगितलं. कारण विचारायच्या आतच देऊन टाकलं. म्हणालो, सकाळचं जमत नाही आता. गरम पाणी येत नाही, बादली भरेपर्यंत माझी पाळी चुकते, दोनदा लेखी समज मिळाली आहे. तिथं सकाळी वेळेवर आंघोळ घालतात, माणसं आहेत.

लेखी समज मिळाली होती, ते खोटं नव्हतं. म्हणून तर ते कारण माझ्या तोंडात इतकं सहज आलं.

आण्णा बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं, आता डोळ्यांतून पाणी काढतील. पण त्यांनी मान वळवली तेव्हा चेहरा वेगळाच होता. कामावर निघाल्यासारखा.

"पान्याचंच हाय न्हवं?" ते म्हणाले. "मग काढू की. त्यात काय."

मी विसरलोच होतो. आण्णा फिटर होते. गावातल्या निम्म्या घरांचे नळ त्यांनी जोडले होते, आमच्या घराचे तर सगळेच. गच्चीवरचं सोलर बसवलं तेव्हाही दुसऱ्या कुणाला त्यांनी पाइपला हात लावू दिला नव्हता. मी त्यांच्याकडून त्यातलं काही म्हणजे काही शिकलो नाही. हात काळे करून घ्यायचे नाहीत म्हणून तर मी कॉलेजला गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. आण्णांनी मला सकाळपासून कामाला लावलं. स्वतः स्वयंपाकघराच्या दारात खुर्चीवर बसले, डाव्या हातात काठी, आणि काठीने दाखवायला लागले. आधी स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडून बघायला सांगितला. त्याच्या तोंडाला आमच्यात पाणी गाळायला बांधतात ते फडकं होतं. ते सोडून ठेवलं, तरी धार बारीकच. आण्णांनी मान हलवली. दोन्हीकडे बारीक आहे म्हणजे नळाचा दोष नाही, मागं कुठंतरी आहे, असं त्यांनी मला चार-पाच तुकड्यांत समजावलं. मी बरं म्हणालो.

मग त्यांनी पाइपात हवा अडकली असेल म्हणून उलटं पाणी मारायला लावलं. न्हाणीतल्या गार नळाला रबरी पाइप लावायचा, त्याचं दुसरं टोक गरम नळाच्या तोंडात घट्ट धरायचं आणि दोन्ही सोडायचे. मी गुडघ्यांवर बसून ते टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. पाणी माझ्या तोंडावर उडत होतं, बाहीतून आत जात होतं, आणि आण्णा म्हणत होते, धर, आजून धर. पाइपात गुडगुड झाली. टोक काढल्यावर नळाने दोन-तीनदा फुत्कार टाकले, पांढऱ्या क्षाराच्या कपच्या बाहेर टाकल्या आणि परत आपली करंगळी.

पण त्या कपच्या बघून आण्णा खूश झाले. मला एक कपची तळहातावर ठेवायला सांगितली. तिच्याकडे बघत ते चक्क हसले. पक्षाघातानंतर अर्धंच हसू यायचं, ते सगळं आलं.

"निघंल," ते म्हणाले. "पंधरा दिवस हायत की."

त्या आठवड्यात आण्णा वेगळेच झाले. एरवी दिवसभर डोळे मिटून पडायचे. आता मी गिरणीतून आलो की काहीतरी सांगायला तयार असायचे. पद्मावतीकाकू म्हणाल्या, आज त्यांनी भाकरी स्वतःच्या हाताने खाल्ली. मला आनंद व्हायला हवा होता. मी तेव्हा मनात दिवस मोजत होतो, आणि मला एकच भीती होती, की खरंच पाणी आलं तर काय.

दुसऱ्या रविवारी त्यांनी मला गच्चीवर पाठवलं. त्यांना सगळी जोडणी तोंडपाठ होती. गार पाण्याची टाकी उंच स्टँडवर. तिच्या बुडातून दोन पाइप निघतात, एक सरळ घरात, दुसरा सोलरच्या टाकीत. सोलरमध्ये गार पाणी जेवढं ढकललं जाईल, तेवढंच गरम खाली येणार. तेव्हा त्या दुसऱ्या पाइपचा व्हॉल्व्ह बघ, असं ते म्हणाले. जाम असेल तर शिलाई मशीनचं तेल सोड आणि दहा मिनिटं थांब. उगाच जोर करून चाक मोडू नकोस.

मी पाना आणि तेलाची कुपी घेऊन सतरा पायऱ्या चढलो. व्हॉल्व्ह सापडायला काहीच कष्ट पडले नाहीत. बंद होता. अगदी पूर्ण नाही, जेमतेम एखादा फेरा उघडा असेल. दिवाळीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायला माणसं आली होती. त्यांनी पाणी तोडण्यासाठी तो बंद केला असणार आणि जाताना थोडा उघडून तसाच सोडला असणार. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. चार महिन्यांत चाक दगड झालं होतं. मी तेल सोडलं, दहा मिनिटं टाकीच्या सावलीत बसलो, मग पाना लावला. दोन झटके दिले आणि चाक कुरकुरत फिरलं. मग हातानेच फिरायला लागलं. मी ते पूर्ण उघडलं.

खाली आलो. जिना मागच्या बाजूने थेट स्वयंपाकघरात उतरतो. पुढच्या खोलीत आण्णांनी रेडिओ लावून ठेवला होता. मी गरम नळ सोडला आणि मनगटाएवढी धार ओट्यावर आदळली. वाफ आली. मी पटकन नळ बंद केला.

मी तिथं किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. रेडिओवर शेतीच्या बातम्या चालल्या होत्या. दोन पावलं टाकून आत जायचं आणि म्हणायचं, आण्णा, आलं पाणी. एवढंच करायचं होतं. मग आण्णा परत तसंच सगळं हसले असते, आणि मग पुढची किती वर्षं पहाटे पाच वाजता मी त्यांना उचलणार होतो ते मला दिसायला लागलं. त्यांची तब्येत तशी चांगली होती. दहा वर्षंही जगले असते.

मी परत सतरा पायऱ्या चढलो. चाक फिरवून होतं तिथं आणून ठेवलं. एक फेरा उघडा.

"काय झालं?" आण्णांनी विचारलं. त्यांनी रेडिओ बंद केला होता.

"उघडाच आहे," मी म्हणालो. "पूर्ण उघडा आहे."

"फिरवून बघितलास?"

"बघितला."

 आण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं, हातात तेलाची कुपी होती.  पण त्यांचं लक्ष पाइपात होतं, माझ्यात नाही. ते विचार करत होते.

तो आठवडाभर ते विचारच करत राहिले. न्हाणीच्या भिंतीला काठीने ठोकून कान लावायचे. मला लावायला सांगायचे. मी लावायचो आणि काही कळत नाही म्हणायचो. गुरुवारी त्यांनी विचारलं, धार हळूहळू बारीक झाली की एकदम. मी सांगितलं, आठवत नाही. त्यांना आठवत होतं. दिवाळीपर्यंत नीट होतं, त्यानंतर एकदम कमी झालं. क्षारानं पाइप भरतो तो वर्षानुवर्षं भरत जातो, एकदम कमी होत नाही, असं ते शुक्रवारी आंघोळीच्या वेळी म्हणाले. बादली निम्मी झाली होती.

"परत एकदा वर जाऊन ये," ते म्हणाले.

"बघितलंय मी, आण्णा."

"नदरंतनं सुटतं कवाकवा. आमचंबी सुटायचं."

"किती वेळा तेच?" मी म्हणालो. आवाज चढला. "सोमवारी जायचंय, आता कशाला हे सगळं?"

 मी त्यांच्या अंगावर पाणी घालत राहिलो आणि त्यांचं तोंड पुसताना त्यांच्याकडे बघितलं नाही. चिडायचा अधिकार माझा नव्हता हे मला कळत होतं. त्यामुळेच बहुधा जास्त चिडलो.

शनिवारी साडेतीनला मी गिरणीतून घरी आलो. पुढचं दार उघडं होतं आणि खाट रिकामी होती. पहिल्यांदा वाटलं, पडले कुठंतरी. न्हाणीत बघितलं, परसात बघितलं. मग जिन्याच्या तळाशी त्यांची काठी दिसली. भिंतीला नीट टेकवून ठेवलेली.

मी धावत वर गेलो. आण्णा सोलरच्या स्टँडखाली, सावलीच्या पट्ट्यात, भिंतीला पाठ लावून बसले होते. धोतर मागून पार मातीने भरलेलं, डावं कोपर सोललेलं, टाचेतून रक्त आलेलं. बसून, पाठमोरं, एकेक पायरी चढून आले होते ते. पद्मावतीकाकू साडेबाराला जेवण देऊन गेल्या तेव्हापासून. सतरा पायऱ्यांना त्यांना किती वेळ लागला असेल ते मी आजही मोजायला धजत नाही.

मी ओरडलोच. पडला असता, मेला असता, कुणाला सांगायला हवं होतं, जे तोंडाला येईल ते. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. डाव्या हाताची बोटं ते धोतराला पुसत होते. हळूहळू, एकेक बोट.

"खाली जा," ते म्हणाले. "नळ सोडून बघ."

मी खाली गेलो. मला माहीत होतं काय येणार ते, तरी गेलो आणि नळ सोडला. धार आली. परत वर आलो.

"आलं पाणी," मी म्हणालो.

"व्हय."

"मला नीट दिसलं नसेल त्या दिवशी."

"व्हय," ते परत म्हणाले.

मला वाटलं होतं, ते हसतील. पंधरा दिवस ज्याच्यासाठी धडपडले ते मिळालं होतं. पण ते समोरच्या बोअरच्या वायरीकडे बघत होते. दमले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्यांना पाठीवर घेतलं आणि खाली आणलं. त्यांचा चांगला हात माझ्या गळ्याभोवती होता आणि त्या हाताला मशीनच्या तेलाचा वास येत होता. जखमा धुतल्या, हळद लावली. संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे दिवस मावळायच्या आत जेवले आणि झोपले.

रविवारी पहाटे मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि नळ सोडला. बादली दोन मिनिटांत भरली. मी उंबऱ्यावर बसलोही नाही, बसायला वेळच झाला नाही. अंगावर पाणी घातलं, पाठ चोळली, डोकं धुतलं, पुसलं. सगळं मिळून बारा मिनिटं. आण्णा डोळे मिटून बसले होते. ऊन ऊन पाणी त्यांना फार आवडायचं, आणि चार महिन्यांत एवढं मनसोक्त कुणी त्यांच्या अंगावर घातलं नव्हतं.

आदल्या रात्री मी झोपलो नव्हतो. टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकताना मी म्हणालो, "आण्णा, राहू दे आता ते. पाणी आलं. मी फोन करून नको म्हणून सांगतो."

त्यांनी डोळे उघडले.

"चार म्हयनं न हललेला व्हॉल्व्ह," ते म्हणाले, आणि थांबले. पुढचा शब्द मिळेपर्यंत मी वाट बघितली. "माझ्या ह्या हातानं फिरत न्हाई, धनपाल."

डावा हात त्यांनी थोडा वर केला आणि परत मांडीवर ठेवला. तांब्या माझ्या हातात होता. खाली ठेवावा हेही मला सुचलं नाही.

"आंगठ्यानं फिरला. तेल घातल्याला हुता. सोडवून ठेवल्याला हुता."

"आण्णा..."

"चढताना मला वाटत हुतं, एवढं झालं की मी ऱ्हातोय. चाक फिरलं, तवा कळलं. पान्याचं काम न्हवतंच हे."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. कुठं काय बिघडलं होतं ते सापडल्यावर गिऱ्हाइकाला सांगतात, तेवढंच ते सांगत होते. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. मी टॉवेलने त्यांची पाठ पुसत राहिलो, ती कोरडी झाली होती तरी.

"मी दमलोय, आण्णा," शेवटी मी म्हणालो. चार वर्षांत पहिल्यांदा.

"दिसतंय की." मग थोड्या वेळाने, "हेच सांगायचंस. मी उगं पंधरा दिवस तुला कामाला लावलं."

मी रडायला लागलो. त्यांनी ते बघितलं आणि मला रडू दिलं. नंतर विचारलं, उद्या गाडी किती वाजता आहे. नऊला, मी सांगितलं. बरं, म्हणाले, आता मला देवापुढं बसव.

जाऊ नका, असं मी एकदाच म्हणालो होतो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. दिवसभर अनेकदा ते शब्द तोंडापर्यंत आले. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर ते कदाचित राहिलेही असते, आणि त्याचीच मला भीती होती. मला लाज वाटत होती, खूप लाज वाटत होती, आणि तिच्याखाली हायसं वाटत होतं. ही दोन्ही एकाच वेळी वाटतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

सोमवारी आम्ही पावणेदहाच्या सुमारास पोचलो. आश्रम स्वच्छ होता, मागे नारळाची झाडं होती. ऑफिसात पन्नाशीच्या एक बाई होत्या, कामाच्या, पण बोलायला चांगल्या. त्यांनी फॉर्म काढला आणि एकेक विचारून भरायला घेतला. वय, आजार, गोळ्या, खाण्यापिण्याची पथ्यं. आण्णांनी मध्येच विचारलं, आंघोळ न्याहारीच्या आधी घालता का. बाई म्हणाल्या, हो आजोबा, सहाच्या आत. आण्णांनी समाधानाने मान हलवली.

मग बाईंनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "घरी ठेवता न येण्याचं कारण लिहावं लागतं इथं," त्या म्हणाल्या. "काय लिहू?"

मी तोंड उघडलं. रात्रभर मी ठरवलं होतं, विचारलं तर खरं सांगायचं. मी दमलो, एवढंच सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही असं मी स्वतःला पटवलं होतं. पण बाईंच्या मागच्या भिंतीवर देणगीदारांचे फोटो होते, दारात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकवून आमच्याकडे बघत उभे होते, आणि माझ्या तोंडातून आवाज निघेना.

"गरम पानी येत न्हाई घरात," आण्णा म्हणाले.

बाईंना नीट कळलं नाही. त्यांनी परत विचारलं. आण्णांनी शब्द गोळा केले आणि या वेळी सावकाश, स्पष्ट सांगितलं. डावा हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला होता.

"गरम पान्याची लई अडचण हाय. पोरानं समदं करून बघितलं. वर गच्चीवर जाऊनबी आला दोन-दोनदा. त्येचा काय दोष न्हाई."

बाईंनी ते चांगल्या अक्षरात लिहून घेतलं, फॉर्म माझ्यापुढे फिरवला आणि बोटाने जागा दाखवली. मी सही केली.